विमानांची हवेतली टक्कर टाळणारी यंत्रणा (टीकॅस): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीकॅस आणि एकॅस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

एकॅस हे आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, नियमांतलं नाव. त्या नियमांत बसणारं आणि सध्या बहुतेक प्रवासी विमानांत असलेलं उपकरण म्हणजे टीकॅस-२. रोजच्या बोलण्यात वैमानिक दोन्हींना टीकॅसच म्हणतात. आम्हीही इथे तेच करतो.

कंट्रोलर रडारवर सगळी विमानं बघत असतो. मग विमानात वेगळं यंत्र कशाला?

कंट्रोलरचं काम विमानांना एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर ठेवणं. टीकॅसचं काम हे अंतर कुठल्याही कारणाने मोडलं की सुरू होतं. म्हणून ते जमिनीवरच्या रडारवर, कंट्रोलरवर किंवा रेडिओवरच्या बोलण्यावर कशावरच अवलंबून नाही. ज्या साखळीत चूक झाली, तिचाच आधार घेतला तर शेवटचा बचाव कसला?

भारतातलं उदाहरण चरखी दादरीचं. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेलं सौदियाचं बोईंग ७४७ वर चढत होतं आणि त्याला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. समोरून कझाकस्तान एअरलाइन्सचं आयएल-७६ उतरत होतं, त्याला १५,००० फुटांची परवानगी होती. आयएल-७६ आपल्या उंचीखाली गेलं आणि दोन्ही विमानं आदळली. ३४९ माणसं गेली, कोणीही वाचलं नाही. हवेतल्या टकरींमध्ये यापेक्षा मोठी जीवितहानी आजवर झालेली नाही. तेव्हा दिल्लीला नागरी विमानांच्या येण्याजाण्यासाठी एकच मार्गिका होती. कंट्रोलरकडे प्राथमिक रडार होतं. त्यावर ठिपका दिसतो, उंची दिसत नाही. आयएल-७६ खाली सरकतंय हे जमिनीवरून कळायची सोयच नव्हती. या अपघातानंतर डीजीसीएने, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक नियामकाने, भारतात उडणाऱ्या मोठ्या विमानांना टीकॅस सक्तीचं केलं.

अमेरिकेत ही सक्ती आधी आली. १९५६ साली ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं आदळली (१२८ मृत्यू) तेव्हापासून या कल्पनेवर काम चालू होतं. १९७८ साली सॅन डिएगोला आणि १९८६ साली लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोसला टकरी झाल्यावर १९८७ साली कायदा झाला. ३० पेक्षा जास्त आसनांच्या विमानांना टीकॅस-२ बसवण्यासाठी १९९३ अखेरची मुदत ठरली.

विमानात यासाठी नेमकं काय काय बसवलेलं असतं?

- टीकॅस संगणक. सगळी आकडेमोड याच डब्यात होते.
- मोड एस ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विचारणा आली की रेडिओवर आपोआप उत्तर देणारं यंत्र. हा नसेल किंवा बंद असेल तर टीकॅस चालत नाही.
- दोन अँटेना. वरचा दिशा ओळखणारा, पोटाखालचा तसाच किंवा साधा. ट्रान्सपॉन्डरचे अँटेना वेगळे.
- कॉकपिटमधलं नियंत्रण पॅनेल, पडदा आणि स्पीकर.
- इतर यंत्रांकडून येणारी माहिती: एअर डेटा कॉम्प्युटरकडून दाबावरून काढलेली उंची, रेडिओ अल्टिमीटरकडून जमिनीपासूनची खरी उंची, शिवाय विमान जमिनीवर आहे की हवेत, याचे संकेत.

दुसरं विमान त्याला "दिसतं" कसं?

दिसत नाही, उत्तर देतं. टीकॅस १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न पाठवतं आणि आसपासचे ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतात. उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं. रेडिओ लहरीला एक नॉटिकल मैल जाऊन परत यायला सुमारे १२.४ मायक्रोसेकंद लागतात. ट्रान्सपॉन्डरला उत्तर तयार करायला लागणारा वेळ ठरलेला असतो, तो वजा केला की अंतर हातात येतं. उंची त्या उत्तरातच असते, जुन्या मोड सी मध्ये १०० फुटांच्या पायरीने, मोड एस मध्ये बहुधा २५ फुटांच्या. दिशा मात्र अँटेनाकडे लहर कुठून आली यावरून अंदाजाने काढतात.

मोड एस ट्रान्सपॉन्डर दर सेकंदाला आपला २४ बिटांचा पत्ता न विचारताच जाहीर करत असतो. त्यामुळे टीकॅसला प्रत्येकाला नावानिशी विचारता येतं. मोड सी ला असा पत्ता नसतो. सगळ्यांनी एकदम उत्तर दिलं तर गोंधळ होतो, म्हणून आधी हळू आवाजात, मग वाढत्या शक्तीने विचारायची पद्धत वापरतात. जवळच्यांची उत्तरं आधी मिळतात, दूरच्यांची नंतर.

यातून निघणारी गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ज्याचा ट्रान्सपॉन्डर गप्प, ते विमान टीकॅसच्या लेखी अस्तित्वातच नाही. पक्षी, पतंग, फुगे, ट्रान्सपॉन्डर नसलेलं ग्लायडर, छोटा ड्रोन यांतलं काहीच त्याला कळत नाही. उंची न सांगणारा ट्रान्सपॉन्डर असेल तर इशारा मिळू शकतो, सुटकेचा आदेश मिळत नाही.

धोका किलोमीटरमध्ये न मोजता सेकंदांत का मोजतात?

कारण दहा मैलांचं अंतर कधी भरपूर असतं, कधी काहीच नसतं. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं मिळून ताशी ९०० नॉटिकल मैलांनी जवळ येतात, म्हणजे मिनिटाला १५ मैल. दहा मैल उरले की हातात ४० सेकंद. एकामागून एक जाणारी विमानं त्याच दहा मैलांवर तासभर सुरक्षित राहतील.

म्हणून अंतर भागिले जवळ येण्याचा वेग, हा आकडा टीकॅस सतत काढत राहतं. त्याला टाऊ म्हणतात. असाच हिशेब उंचीसाठीही होतो. दोन्ही बाजूंनी वेळ कमी उरला तरच आवाज होतो. मर्यादा उंचीप्रमाणे बदलतात (पहिला आकडा इशाऱ्याचा, दुसरा आदेशाचा):

- जमिनीपासून १,००० ते २,३५० फूट: २५ आणि १५ सेकंद
- २,३५० ते ५,००० फूट: ३० आणि २० सेकंद
- ५,००० ते १०,००० फूट: ४० आणि २५ सेकंद
- १०,००० ते २०,००० फूट: ४५ आणि ३० सेकंद
- २०,००० फुटांच्या वर: ४८ आणि ३५ सेकंद

खाली मर्यादा मुद्दाम कमी ठेवल्या आहेत. विमानतळाजवळ विमानं जवळजवळ उडतातच. तिथे ४८ सेकंदांचा नियम लावला तर स्पीकर गप्पच बसणार नाही.

टाऊची एक पळवाट आहे. दोन विमानं शेजारून अगदी हळूहळू एकमेकांकडे सरकत असतील तर वेग जवळपास शून्य, म्हणून टाऊ भलामोठा आणि इशारा नाही. त्यासाठी किमान अंतराची एक वेगळी सीमा ठेवलेली असते, २०,००० फुटांच्या वर आदेशासाठी ती १.१ नॉटिकल मैल आहे. त्याच्या आत आलं की टाऊ काहीही असो, धोका धरला जातो.

टीए आणि आरए यांत फरक काय?

टीए म्हणजे इशारा. "ट्रॅफिक, ट्रॅफिक" असं ऐकू येतं. वैमानिकाने बाहेर बघायचं, पडद्यावर बघायचं, हात कंट्रोलवर तयार ठेवायचे. विमान वळवायचं नाही, वर-खाली करायचं नाही.

आरए म्हणजे आदेश. "क्लाइंब, क्लाइंब", "डिसेंड, डिसेंड", "लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ" असे. काही आरए "आहे तसंच राहा, अमुक वेगाने चढू नका" अशा स्वरूपाचे असतात, तेव्हा "मॉनिटर व्हर्टिकल स्पीड" ऐकू येतं. परिस्थिती बिघडली तर "इन्क्रीज क्लाइंब", आणि दिशा उलटवायची वेळ आली तर "डिसेंड, डिसेंड नाऊ". "नाऊ" हा शब्द कानावर पडला की आधीचा आदेश रद्द समजायचा.

पडद्यावरच्या चिन्हांचा अर्थ काय?

पोकळ हिरा म्हणजे लांबचं विमान. भरलेला हिरा म्हणजे सहा नॉटिकल मैलांच्या आत आणि वर-खाली १,२०० फुटांच्या आत असलेलं, पण धोका नसलेलं. पिवळसर भरीव गोल म्हणजे टीए, लाल चौकोन म्हणजे आरए. शेजारी उंचीतला फरक शेकडा फुटांत लिहिलेला असतो: उणे ०७ म्हणजे ७०० फूट खाली. मिनिटाला ५०० फूट किंवा जास्त वेगाने चढ-उतार असेल तर बाण दिसतो.

हा पडदा बघून स्वतःच्या मनाने विमान वळवण्याचा मोह मोठा असतो आणि तो आवरावा. चिन्ह डावीकडे दिसतंय म्हणून विमान खरंच तितकंच डावीकडे असेल असं नाही. कारण पुढच्या उत्तरात आहे.

टीकॅस नेहमी वर किंवा खालीच का सांगतं, डावीकडे-उजवीकडे का नाही?

दिशेचा अंदाज कच्चा असतो. अँटेना विमानाच्या धातूच्या अंगावर बसवलेला, आसपास पंख, शेपूट, इतर अँटेना. पाच अंशांची चूक सहज होते. दहा नॉटिकल मैलांवर पाच अंश म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. त्या भरवशावर "डावीकडे वळा" सांगणं म्हणजे कधीतरी विमान धोक्याच्याच अंगावर घालणं. उंची मात्र दोन्ही विमानांना नेमकी माहीत असते. आडवे आदेश देणारं टीकॅस-३ आखलं गेलं होतं, ते याच कारणाने सोडून दिलं.

आरए आल्यावर वैमानिकाने नेमकं काय करायचं?

१. ऑटोपायलट काढायचा (ज्यांत स्वयंचलित आरए आहे ती विमानं सोडून) आणि सांगितलेल्या दिशेने नाक वळवायचं. सुरुवात पाच सेकंदांच्या आत झाली पाहिजे. यंत्राचं गणितच तसं मांडलेलं आहे.
२. पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्यात उभा वेग, म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेग, आणायचा, लाल पट्ट्याबाहेर राहायचं. साधा चढण्याचा किंवा उतरण्याचा आरए मिनिटाला १,५०० फुटांचा असतो. झटका ०.२५ जी इतकाच, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा पाव हिस्सा. त्याहून जोरात ओढलं तर प्रवासी आणि केबिन क्रू आपटतात.
३. "इन्क्रीज" किंवा उलट आदेश आला तर अडीच सेकंदांत, ०.३५ जी ने. "इन्क्रीज" म्हणजे मिनिटाला २,५०० फूट.
४. मोकळीक मिळताच रेडिओवर आपलं कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) आणि "टीकॅस आरए" एवढंच सांगायचं. कुठल्या दिशेला, का, किती, हे काहीही नको.
५. "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट" ऐकू आलं की नेमून दिलेल्या उंचीवर परत यायचं आणि कंट्रोलरला कळवायचं.

३५ सेकंदांत काय होतं ते पाहा. पाच सेकंद वैमानिकाचे, तीनेक सेकंद विमानाला वेग घ्यायला. उरलेल्या २७ सेकंदांत सेकंदाला २५ फुटांप्रमाणे ६७५ फूट. हे पुरेसं आहे, पण फार शिल्लक नाही. आठ सेकंद विचार करत बसलेला वैमानिक ७५ फूट घालवतो. आणि उलट बाजूने, घाबरून हजार-दोन हजार फूट चढलेला वैमानिक वरच्या तिसऱ्या विमानाच्या वाटेत जातो. नीट पाळलेल्या आरएमध्ये उंची साधारण ३०० ते ५०० फुटांनीच बदलते.

दोन्ही विमानांना "चढा" असं सांगितलं तर?

दोघांकडेही टीकॅस-२ असेल तर तसं होत नाही. ज्याने आधी दिशा ठरवली ते मोड एस वरून दुसऱ्याला कळवतं की "मी तुझ्या वरून जातोय". दुसऱ्याने मग खालची बाजू घ्यायची. दोघांनी एकाच क्षणी एकच बाजू निवडली तर २४ बिटांच्या पत्त्याने निकाल लागतो. ज्याचा पत्ता मोठा आकडा, त्याने माघार घ्यायची.

दुसऱ्याकडे फक्त ट्रान्सपॉन्डर असेल तर आदेश एकालाच मिळतो. चालतं, पण दुसरं विमान आपल्या मनाने कुठेही जाऊ शकतं.

कंट्रोलर एक सांगतो, टीकॅस दुसरं. ऐकायचं कोणाचं?

टीकॅसचं. याला अपवाद फक्त स्टॉल (पंखांची उचल सुटणं), विंडशिअर (वाऱ्यातला अचानक बदल) आणि जमिनीच्या इशाऱ्यांचा. वैमानिकाने "टीकॅस आरए" म्हटल्यावर कंट्रोलरने त्या विमानाला मार्ग बदलायला सांगायचं नसतं. त्या विमानापुरती अंतर राखण्याची त्याची जबाबदारीही तेवढा वेळ थांबते. त्याने अजून सूचना दिलीच तर उत्तर "अनेबल, टीकॅस आरए".

हा नियम आज इतका ठाम आहे, कारण तो ठाम नव्हता तेव्हा काय झालं ते लोकांनी पाहिलं. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीच्या दक्षिणेला, युबरलिंगेनवर, बश्किरियन एअरलाइन्सचं टीयू-१५४ आणि डीएचएलचं बोईंग ७५७ मालवाहू विमान ३६,००० फुटांवर एकमेकांकडे येत होते. त्या आकाशाची जबाबदारी झुरिकच्या कंट्रोलरची. तो एकटा दोन जागा सांभाळत होता, टक्कर ओळखणाऱ्या यंत्रणेची दृश्य सूचना देखभालीसाठी बंद होती, मुख्य फोन लाइनही बंद. त्याला धोका उशिरा लक्षात आला आणि त्याने टीयू-१५४ ला खाली यायला सांगितलं. सात सेकंदांनी दोन्ही विमानांत आरए वाजले: टीयू-१५४ ला "चढा", ७५७ ला "उतरा". टीयू-१५४ च्या चालकांनी कंट्रोलरचं ऐकलं, ७५७ च्या चालकांनी टीकॅसचं. दोघेही उतरत राहिले. आरए वाजल्यापासून ३६ सेकंदांनी टक्कर झाली. ७१ जण गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं.

विशेष म्हणजे याच्या सतरा महिने आधी, ३१ जानेवारी २००१ रोजी, जपानच्या याइझूजवळ जवळपास हेच घडलं होतं. कंट्रोलरने जपान एअरलाइन्सच्या दोन विमानांपैकी चुकीच्या विमानाला खाली यायला सांगितलं. त्या ७४७ ला टीकॅस "चढा" म्हणत होतं, तरी वैमानिक उतरले. टक्कर थोडक्यात हुकली, शेवटच्या क्षणीच्या झटक्यात सुमारे १०० जण जखमी झाले. तो धडा जगभर वेळेत पोहोचला नाही.

टीकॅस-२ च्या आवृत्ती ७.० नंतर ७.१ मध्ये काय बदललं?

दोन गोष्टी. एक, दिशा उलटवण्याचं तर्कशास्त्र. युबरलिंगेनला दोन्ही विमानं जवळपास एकाच उंचीवरून एकत्र उतरत होती. ७.० ला अशा स्थितीत उलट आदेश देता येत नव्हता. ७.१ मध्ये यंत्र आपलंच विमान आदेश पाळतंय का हेही बघतं आणि गरज पडली तर दिशा पलटवतं.

दोन, पूर्वी "अॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड, अॅडजस्ट" असा आदेश असायचा. त्याचा अर्थ उभा वेग कमी करा, पण काही वैमानिक उलट वाढवायचे. त्याजागी "लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ" आलं: सरळ व्हा, बस. आयकाओने नव्या यंत्रांना १ जानेवारी २०१४ पासून आणि सगळ्यांना १ जानेवारी २०१७ पासून ७.१ बंधनकारक केली.

धोका नसताना आरए का वाजतो?

बहुतेक वेळा उभ्या वेगामुळे. समजा, तुमचं विमान ३०,००० फुटांवर थांबणार आहे आणि बरोबर वर ३१,००० वर दुसरं विमान आहे. नियमाप्रमाणे सगळं ठीक. पण तुम्ही मिनिटाला ३,००० फुटांनी, म्हणजे सेकंदाला ५० फुटांनी चढताय. तुम्ही थांबणार आहात हे टीकॅसला माहीत नाही, ते फक्त सरळ रेष पुढे ओढतं. वरच्या विमानाच्या १,७५० फूट खाली असताना त्याला ३५ सेकंद उरलेले दिसतात आणि आरए येतो. तेच मिनिटाला १,५०० फुटांनी चढत असाल तर १,००० फूट खाली थांबेपर्यंतही ४० सेकंदांच्या खाली जात नाही. टीए येईल, आरए नाही.

म्हणूनच शेवटच्या १,००० फुटांत उभा वेग १,५०० च्या खाली आणा, असा सल्ला आहे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो, रोजच्या घाईत विसरला जातो. आसपास विमान असल्याचं माहीत असेल तेव्हा तरी पाळावाच. आणि आरए अनावश्यक वाटला तरी तो पाळायचाच. कॉकपिटमध्ये बसून खरा कोणता आणि उगाचचा कोणता, हे ठरवायला कोणाकडेच वेळ नसतो.

जमिनीजवळ टीकॅस काय करतं?

टप्प्याटप्प्याने गप्प होतं. जमिनीपासून सुमारे १,५५० फुटांखाली "आणखी वेगाने उतरा" बंद, १,१०० च्या खाली "उतरा" बंद, १,००० च्या खाली सगळे आरए बंद, ५०० च्या खाली आवाजही बंद. खाली उतरायला सांगून जमिनीवर आपटवण्यापेक्षा गप्प राहणं बरं.

याची किंमतही आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनला उतरणारं सीआरजे-७०० आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर सुमारे ३०० फुटांवर आदळले आणि ६७ जण गेले. कॉकपिट रेकॉर्डरवर टक्करीच्या सुमारे २० सेकंद आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" ऐकू येतं. त्या उंचीवर आरए येणारच नव्हता. टीकॅस बिघडलेलं नव्हतं, ते आखल्याप्रमाणेच वागलं.

टीकॅस फसतं कशामुळे?

ट्रान्सपॉन्डर बंद पडल्यामुळे सर्वात आधी. २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलच्या ॲमेझॉन जंगलावर गोल कंपनीचं ७३७-८०० आणि एम्ब्रेअर लेगसी ६०० हे छोटं जेट ३७,००० फुटांवर समोरासमोर आले. लेगसीचा ट्रान्सपॉन्डर उत्तर देत नव्हता. त्यामुळे लेगसीचं टीकॅस बंद आणि ७३७ च्या टीकॅसला समोर काहीच नाही. दोन्ही विमानांत महागडी यंत्रणा असूनही एकही इशारा वाजला नाही. ७३७ मधले सगळे १५४ जण गेले, लेगसी उतरलं.

दुसरं, चुकीची उंची. दाब मोजणाऱ्या छिद्रावर टेप राहिला, एअर डेटा कॉम्प्युटर बिघडला, तर विमान स्वतःच खोटी उंची सांगतं आणि दोन्हीकडचं टीकॅस त्या खोट्यावर विश्वास ठेवतं. अल्टिमीटरचं सेटिंग चुकलं तर मात्र टीकॅसला फरक पडत नाही, कारण ट्रान्सपॉन्डर नेहमी १०१३.२५ हेक्टोपास्कलच्या हिशेबाने उंची पाठवतो.

तिसरं, हँगरमध्ये चाललेली चाचणी. तंत्रज्ञ विमान जमिनीवर ठेवून ट्रान्सपॉन्डरला कृत्रिम उंची देतात, समजा ८,००० फूट. वरून जाणाऱ्या विमानाच्या टीकॅसला तिथे खरंच विमान असल्यासारखं वाटतं. म्हणून चाचणीच्या वेळी अँटेनावर आवरण घालणं, लहरी बाहेर जाऊ न देता केबलने जोडून तपासणं आणि गरज नसेल तेव्हा ट्रान्सपॉन्डर स्टँडबायवर ठेवणं आवश्यक आहे. हे टाळलं की वरच्या वैमानिकाला रिकाम्या आकाशात आरए येतो.

"टीए ओन्ली" कधी ठेवायचं?

विमान आदेश पाळूच शकत नसेल तेव्हा. एक इंजिन गेलं असेल तर "चढा" सांगून उपयोग नाही. काही विमानतळांवर जवळच्या समांतर धावपट्ट्यांवर डोळ्यांनी बघत उतरताना कंपन्या तसं सांगतात. एरवी धावपट्टीवर शिरताना टीए/आरए लावायचं आणि उतरून धावपट्टी सोडल्यावर काढायचं. टीए ओन्लीवर ठेवलेलं विमान दुसऱ्याशी दिशा ठरवत नाही, एवढं ध्यानात असू द्यावं.

टीकॅस-१, टीएएस, फ्लार्म, एडीएस-बी: यांत निवड कशी करायची?

टीकॅस-१ आणि टीएएस ही साधी उपकरणं स्वतः प्रश्न विचारतात, पण फक्त इशारा देतात. पुढचं वैमानिकाने डोळ्यांनी बघून करायचं. छोट्या टर्बोप्रॉपना आणि खाजगी विमानांना हे पुरतं.

पीसीएएस हे हातात धरायचं उपकरण. स्वतः काही विचारत नाही, इतरांनी दिलेली उत्तरं चोरून ऐकतं. लहरीच्या जोरावरून अंतराचा अंदाज, दिशा बहुतेकांत नाहीच. रडारच्या टप्प्याबाहेर, जिथे कोणी विचारतच नाही, तिथे ते बहिरं.

एडीएस-बी मध्ये प्रत्येक विमान उपग्रहावरून मिळालेली आपली जागा प्रसारित करतं. दिशा टीकॅसपेक्षा खूपच अचूक, पण समोरचा सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

फ्लार्म ग्लायडरसाठी स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं. टीकॅस ग्लायडरला निरुपयोगी ठरतं, कारण एकाच उबदार हवेच्या खांबात पाच-सहा ग्लायडर शंभर मीटरवर गोल फिरत असतात, इशारे थांबलेच नसते. फ्लार्म आपल्या जागेबरोबर पुढच्या काही सेकंदांचा अंदाजी मार्गही पाठवतं, वळणासकट. मात्र ते फक्त दुसऱ्या फ्लार्मशी बोलतं (नव्या मॉडेलमध्ये ट्रान्सपॉन्डरही ऐकू येतात). प्रवासी विमानाला फ्लार्म दिसत नाही.

जीपीएस जॅम झालं तर टीकॅस बंद पडतं का?

नाही. अंतर ते स्वतःच्या प्रश्नोत्तरांवरून मोजतं. काही नवी यंत्रं प्रश्न कमी विचारावे लागावेत म्हणून लांबच्या विमानांसाठी एडीएस-बी वापरतात, पण ती माहिती प्रत्यक्ष मोजमापाशी पडताळली जाते आणि जवळच्या धोक्यासाठी थेट विचारणाच होते. स्पूफिंगमुळे, म्हणजे जीपीएसच्या खोट्या संकेतांमुळे, बिघडतो तो जमिनीचा इशारा देणारा ईजीपीडब्ल्यूएस, कारण त्याचा नकाशा जीपीएसवर चालतो.

ईजीपीडब्ल्यूएस आणि टीकॅस एकच का?

नाही. एक डोंगर आणि जमिनीसाठी, दुसरं विमानांसाठी. दोन्ही एकदम वाजले तर जमिनीचा इशारा जिंकतो आणि टीकॅस आपोआप टीए ओन्लीवर जातं.

धावपट्टीवरची टक्कर टीकॅस टाळतं का?

अजिबात नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदावर उतरणारं ए-३५० तटरक्षक दलाच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानावर आदळलं. ए-३५० मधले सगळे ३७९ जण बाहेर पडले, दुसऱ्या विमानातले सहापैकी पाच गेले. टीकॅसचा इथे संबंधच नव्हता. धावपट्टीसाठी जमिनीवरचं रडार, थांबण्याचे लाल दिवे आणि कंट्रोलरसाठीचे इशारे या वेगळ्या यंत्रणा लागतात. मुंबईसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांच्या विमानतळावर तर अधिकच.

एकॅस एक्स हे नवीन काय आहे?

टीकॅसचं तर्कशास्त्र माणसांनी बसून लिहिलेल्या नियमांचं आहे. एकॅस एक्समध्ये अमेरिकेच्या एमआयटी लिंकन प्रयोगशाळेने अनिश्चिततेचं गणित वापरून प्रत्येक स्थितीत कोणत्या कृतीची किंमत किती, याचा भलामोठा तक्ता आधीच काढून ठेवला आहे. विमानातलं यंत्र तो तक्ता बघतं. फायदा म्हणजे अनावश्यक आरए कमी. वैमानिकाच्या दृष्टीने आवाज आणि आदेश जवळपास तेच, जुन्या टीकॅसशी दिशाही ठरवता येते. प्रवासी विमानांसाठीचा प्रकार एक्सए, त्याचे मानक २०१८ साली आले. मोठ्या ड्रोनसाठी एक्सयू, त्यात आडवे आदेशही आहेत.

आरए ऑटोपायलट स्वतः पाळू शकतो का?

काही एअरबस विमानांत हो. ए-३८० वर ही सोय पहिल्यांदा २००९ साली मान्य झाली. माणसाच्या उशिराचा आणि अति जोराचा, दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. आमच्या मते हेच पुढे सर्वत्र व्हायला हवं.

प्रवाशाला काय जाणवतं?

नीट पाळलेला आरए बहुतेक प्रवाशांना कळतही नाही. चढताना क्षणभर अंग जड वाटतं, उतरताना हलकं. इंजिनाचा आवाज बदलतो. ज्यांचा पट्टा सैल किंवा काढलेला असतो, तेच बहुतेक वेळा जखमी होतात. भारतातही असे प्रसंग घडतात: ७ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईच्या आकाशात मुंबई–भोपाळ आणि दिल्ली–पुणे अशी दोन विमानं जवळ आली आणि आरए पाळून वेगळी झाली.

इंटरनेटवर टीकॅस शोधलं तर रेल्वेचं काहीतरी येतं. ते काय?

ती भारतीय रेल्वेची "कवच" यंत्रणा. आधी तिचं नावही ट्रेन कोलिजन अव्हॉयडन्स सिस्टिम, म्हणजे टीकॅसच होतं. तत्त्व पूर्ण वेगळं: रुळालगतचे आरएफआयडी टॅग, स्टेशनवरची उपकरणं, आणि चालकाने ब्रेक लावला नाही तर इंजिन स्वतः लावतं. ट्रेनला वर-खाली जाता येत नाही, त्यामुळे थांबवणं हाच एक उपाय. विमानाला हवेत थांबता येत नाही, त्यामुळे तो उपाय टीकॅसकडे नाही.